शेतावरचा पाहुणा आणि घरची चूल : नांदेड-लातूर भागासाठी कृषी पर्यटनाचा हिशेब



मराठवाड्यात शेताच्या बांधावर आलेल्या माणसाला भाकरी खाल्ल्याशिवाय जाऊ न देण्याची रीत जुनी आहे. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या काही भागात गावेच्या गावे शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप, भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर हे सर्व आपल्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. आता शहरातील कुटुंबे याच जेवणासाठी आणि शेतावरील एका दिवसासाठी पैसे मोजायला तयार आहेत. हा जोडधंदा करावा का, करावयाचा तर किती पाहुण्यांपासून सुरुवात करावी आणि जेवणाचा दर कसा काढावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

कोकणात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेमुळे घरातील एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची पद्धत रुळली. कृषी पर्यटनाचा प्रयोग बारामती परिसरात २००५ च्या सुमारास पांडुरंग तावरे यांच्या पुढाकाराने सुरू झाला व पुढे राज्यभर पसरला. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने कृषी पर्यटन धोरण मंजूर केले. त्यानुसार शेतकऱ्याला आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदविता येते. अटी, शुल्क व नमुना अर्ज यांची माहिती पर्यटन संचालनालयाच्या प्रादेशिक कार्यालयातून घ्यावी. पैसे घेऊन जेवण देणाऱ्यास अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करणेही आवश्यक आहे. लहान व्यवसायासाठी ही नोंदणी सोपी व अल्प खर्चाची आहे. ती टाळू नये.

आपल्याकडे पाहुणा कोण?

पुण्या-मुंबईचा पर्यटक डोळ्यापुढे ठेवून आपल्याकडे केंद्र काढू नये. अंतर फार आहे. आपला पाहुणा जवळचा आहे.

लातूरमध्ये शिकवणीसाठी बाहेरगावची हजारो मुले राहतात. त्यांचे पालक सुटीच्या दिवशी भेटायला येतात आणि मुलाला घेऊन बसायला त्यांच्याकडे हॉटेलशिवाय जागा नसते. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतील शेताला हा मोठा आधार आहे. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे वर्षभर यात्रेकरू येतात. २००८ साली गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनंतर तेथील सोयी वाढल्या. या यात्रेकरूंना लंगर व यात्री निवास उपलब्ध असल्याने ते मुक्कामाला आपल्याकडे येतील असे गृहीत धरू नये. मात्र गोदाकाठचे शेत, केळीची बाग व दुपारचे जेवण असा अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम त्यांना देता येतो. शीख पाहुण्यांसमोर तंबाखू, विडी, सिगारेट निघणार नाही याची दक्षता घ्यावी. माहूर, सहस्रकुंड, कंधारचा किल्ला व होट्टलची मंदिरे, तसेच लातूर जिल्ह्यातील खरोसा लेणी, औसा व उदगीरचे किल्ले यांच्या वाटेवरील शेतकऱ्यांना जाता-येता थांबणारा पाहुणा मिळतो. याशिवाय शाळांच्या सहली आहेतच.

पाहुण्यांची संख्या तव्यावरून ठरवावी

अनेक जण प्रथम खोल्या बांधतात आणि मग स्वयंपाकाचा विचार करतात. हा क्रम उलटा असावा. पाहुणा येतो तो गरम भाकरीसाठी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटा (ग्लुटेन) नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळून लगेच थापावे लागते. पीठ मळून ठेवले किंवा भाकरी सकाळीच करून ठेवली तर चव राहत नाही. सराव असलेली बाई एका चुलीवर तासाला साधारण वीस ते पंचवीस भाकरी करते.

वीस पाहुण्यांसाठी माणशी दीड याप्रमाणे तीस भाकरी लागतात. एका चुलीवर सव्वा ते दीड तास लागतो. म्हणून वीस पाहुण्यांना दोन चुली व दोन भाकरी करणाऱ्या हव्यात. साठ पाहुणे घेतले तर नव्वद भाकरी लागतील व शेवटच्या पंगतीला गार भाकरी जाईल. पहिल्या वर्षी एका वेळी वीसपेक्षा जास्त पाहुणे घेऊ नयेत.

वीस पाहुण्यांच्या जेवणाचे प्रमाण

१) ज्वारीचे पीठ ३ किलो (भाकरीस १०० ग्रॅम)
२) वरणासाठी तूरडाळ ८०० ग्रॅम
३) तांदूळ १ किलो २०० ग्रॅम
४) पिठल्यासाठी हरभरा डाळीचे पीठ ५०० ग्रॅम
५) वांगी २ किलो
६) करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल ६०० ग्रॅम
७) दही २ किलो
८) चटणीसाठी शेंगदाणे ४०० ग्रॅम

यासोबत जवस किंवा कारळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा (तिखट वेगळे वाढावे), कांदा, मुळा व गूळ ठेवावा. पनीर, नूडल्स वगैरे पदार्थांच्या मागे लागू नये. ते शहरात कोणत्याही कोपऱ्यावर मिळतात. आपल्या मालाचे नाव सांगावे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच व कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या गावांतील अस्सल माल वापरीत असाल तर पाहुण्यास तसे सांगावे व जाताना विकतही द्यावा. दुसऱ्या गावचा माल त्या नावाने देऊ नये.

हंगामाप्रमाणे नियोजन

पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, करटोली या रानभाज्या, डिसेंबर-जानेवारीत हुरडा, त्यानंतर हरभऱ्याचा हुळा, फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंचा असा क्रम आपल्या रानातच आहे. हुरड्यासाठी परभणी वसंत, सुरती किंवा गूळभेंडी यांसारखा वाण वेगळ्या तुकड्यात घ्यावा. संपूर्ण क्षेत्र एकाच दिवशी पेरल्यास हुरडा आठवडाभरात निब्बर होतो. म्हणून १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार तुकडे पेरावेत. त्यामुळे हुरड्याचे दिवस महिनाभर तरी लांबतात. या तुकड्यावर कणसे निसवल्यानंतर कीटकनाशक फवारू नये.

येळवशीच्या दिवसाबाबत एक सूचना करावीशी वाटते. त्या दिवशीचे जेवण हा आपला सण आहे. त्या दिवशी आलेल्याकडून पैसे घेणे अनेक घरांना रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. येळवशीला पाहुण्यांना घरचे म्हणून बोलवावे. हेच पदार्थ जानेवारीच्या रविवारी दर ठरवून द्यावेत. मान आणि धंदा यांची सरमिसळ झाली नाही तर दोन्ही टिकतात.

दर कसा काढावा?

घरचे धान्य, घरची माणसे, म्हणून खर्च नाही, असे समजणे ही या धंद्यातील सर्वात मोठी चूक आहे. पद्धत समजावी म्हणून एक उदाहरण देत आहे. आकडे आपल्या गावच्या भावाप्रमाणे बदलून घ्यावेत.

समजा, वीस पाहुणे हुरडा व जेवणासाठी आले. जेवणाचे साहित्य बाजारभावाने माणशी ९० रुपये, म्हणजे १८०० रुपये. हुरडा माणशी ४० रुपयांप्रमाणे ८०० रुपये. तिघी जणी प्रत्येकी सहा तास राबल्या, तर १८ तास होतात. तासाला ५० रुपयांप्रमाणे ९०० रुपये. सरपण, पत्रावळी, साफसफाई ३०० रुपये. शौचालय, सतरंज्या, भांडी यांवर ६० हजार रुपये घातले असतील आणि ते पाच वर्षांत वर्षाला ३० दिवस वापरात येणार असतील, तर १५० दिवसांत विभागून दिवसाला ४०० रुपये. एकूण खर्च ४२०० रुपये, म्हणजे माणशी २१० रुपये.

या ठिकाणी माणशी २०० रुपये घेतले तर हातात ४००० रुपये खेळतात, पण प्रत्यक्षात २०० रुपये तोटा असतो. तो तोटा घरातील बायांच्या मजुरीतून भरला जातो, म्हणून दिसत नाही. माणशी ३५० रुपये घेतल्यास ७००० रुपये मिळून २८०० रुपये शिल्लक राहतात. पाहुणे कमी आले तरी भांडवलाचे ४०० रुपये सुटत नाहीत, म्हणून माणशी खर्च वाढतो. यासाठी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी व दोन दिवस आधी संख्या पक्की करावी.

भगिनींचा वाटा

हा जोडधंदा मुख्यतः चुलीवर चालतो आणि चुलीपुढे भगिनी असतात. रविवारी पाहुणे, सोमवारी खुरपणी असे झाले तर एका हंगामातच घर थकून जाते. म्हणून नोंदणी घरातील कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा दोघांच्या नावे करावी. स्वयंपाकाची मजुरी प्रत्येक दिवसाच्या शेवटी बाजूला काढून तिच्या बँक खात्यात भरावी. आठवड्यातून किती दिवस पाहुणे घ्यायचे हे तिला विचारूनच ठरवावे. गावातील महिला बचत गटाला भाकरीचे काम पाळीपाळीने दिल्यास ताण वाटला जातो व चार घरांना पैसा मिळतो.

पाणी व स्वच्छता

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. मुक्कामी पाहुण्यास दिवसाला सुमारे १३५ लिटर पाणी धरावे. दहा जण मुक्कामी असतील तर १३५० लिटर लागतील. दिवसापुरत्या पाहुण्यास त्यापेक्षा बरेच कमी पुरते. म्हणून सुरुवात मुक्कामाऐवजी दिवसाच्या भेटीने करावी आणि विहिरीचे पाणी आटू लागताच केंद्र बंद ठेवावे. पाण्याचा टँकर घेऊन पाहुणे घेणे परवडत नाही. पोहण्याचा तलाव, कारंजी यांवर कर्ज काढू नये.

पिण्याच्या पाण्यात १००० लिटरला ५ ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर (३३ टक्के क्लोरीन) विरघळवून, निवळी टाकून अर्धा तास थांबावे. शिजवलेले अन्न दोन तासांत वाढावे व उरलेले दुसऱ्या पंगतीला देऊ नये. चटणीसाठी शेंगदाणे निवडताना बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे काढून टाकावेत. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. स्त्रियांसाठी स्वतंत्र, आतून कडी लागणारे व पाण्याची सोय असलेले शौचालय हवेच. तेवढे तयार झाल्याशिवाय पहिला पाहुणा घेऊ नये.

निवारा व सुरक्षितता

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे गेली. त्यातील बहुसंख्य दगड-मातीच्या जाड भिंती व मातीचे जड माळवद अंगावर कोसळून गेली. आज जुन्या वाड्यासारखी खोली शहरी पाहुण्यांना आवडते म्हणून दगड-मातीची भिंत व जड माळवद पुन्हा उभे करू नये. छत हलके असावे, जोत्यावर व चौकटीच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा आणि आराखडा अभियंत्याकडून तपासून घ्यावा. दिवसाच्या पाहुण्यास झाडाची सावली व कडब्याची कोप पुरेशी आहे.

हुरड्याची आगटी कडब्याच्या गंजीपासून व कोपीपासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून करावी. जवळ पाण्याने भरलेला ड्रम ठेवावा. उघड्या विहिरीला कठडा किंवा कुंपण करावे. मारका बैल पाहुण्यांच्या वाटेवर बांधू नये. औषधांची खोली कुलूपबंद ठेवावी. सर्पदंशासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा फोन क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या हंगामात बांधकाम न करता, फक्त शौचालय व स्वच्छ पाणी यांची सोय करून, चार रविवार वीस-वीस पाहुणे घ्यावेत. प्रत्येक दिवसाचा खर्च, मजुरीचे तास व उरलेले अन्न वहीत लिहावे. चार रविवारांच्या शेवटी मजुरी वजा जाता पैसा शिल्लक राहिला आणि घरातील भगिनींनी पुढे चालू ठेवण्यास होकार दिला, तरच दुसऱ्या वर्षी खोलीचा विचार करावा. दोहोंपैकी एकाचेही उत्तर नाही असे आले तर थांबावे. त्यात कमीपणा नाही, कारण तोपर्यंत आपण कर्ज काढलेले नसेल. शेती हा मुख्य व्यवसाय आहे. पाहुणा आपली शेती पाहायला येतो, त्यामुळे पाहुण्यांच्या गडबडीत खुरपणी, पाणी व काढणी मागे पडणार नाही याची काळजी घ्यावी.