ऊन पाणी आणि एप्समचें मीठ

दिवसभर कचेरींत खुर्चीवर बसून किंवा लोकलच्या गर्दींत उभें राहून घरीं परतलेल्या माणसाची कंबर दुखूं लागते. ओट्याशीं तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गृहिणीच्या पोटऱ्या भरून येतात. अशा वेळीं घंगाळांत ऊन पाणी घ्यावें, त्यांत मूठभर मीठ टाकावें आणि पाय बुडवून स्वस्थ बसावें, हा मराठी घरांतील आजीबाईंचा जुना उपाय. अलीकडे त्या मुठीची जागा औषधांच्या दुकानांतील सुबक बरण्यांनीं घेतली आहे. कोणाचा रंग गुलाबी, कोणाचा निळा, कोणास लव्हेंडरचा सुवास. परंतु पुष्कळ बरण्यांतील मुख्य द्रव्य एकच असतें, तें म्हणजे एप्समचें मीठ. या मिठांतील मॅग्नेशियम त्वचेवाटे अंगांत शिरतें, स्नायू सैल करतें आणि शीण ओढून काढतें, असें त्यांच्याविषयीं सांगण्यांत येतें. यांत तथ्य किती आणि जाहिरात किती, हें ज्याच्या त्याच्या प्रकृतीच्या व पैशाच्या हिताचें असल्यामुळें नीट पारखून पाहणें बरें.

लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यांत एप्सम नांवाचें गांव आहे. इ. स. १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यांत हेन्री विकर नांवाच्या एका गुराख्यास तेथील माळावर पाणी सांपडलें. पण तहानलेलीं गुरेंही त्यास तोंड लावीनात, अशी कथा सांगतात. तें पाणी चवीला कडू होतें आणि पोटांत गेलें कीं कोठा साफ करी. तेवढ्यावर गांवाचा भाग्योदय झाला. दूरदूरचे लोक तेथें पाणी पिण्यास जमूं लागले. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपीस हाही १६६३ सालीं व पुन्हा १६६७ सालीं तेथें गेला होता. पुढें १६९५ सालीं नेहेमाया ग्र्यू या वैद्यानें त्या पाण्यांतील कडू क्षारावर लॅटिन भाषेंत एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि गांवाचें नांव मिठास कायमचें चिकटलें. हें मीठ गाजलें तें मुख्यतः रेचक म्हणून. त्याचा पराक्रम पोटांतला; त्वचेवरील गुणांचा बोलबाला पुष्कळ नंतरचा.

रसायनशास्त्रांत या मिठास मॅग्नेशियम सल्फेट म्हणतात. आतां तें झऱ्याचें पाणी आटवून नव्हे, तर कारखान्यांत, उदाहरणार्थ मॅग्नेसाइट या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून, तयार होतें. त्याच्या स्फटिकांत वजनानें निम्म्याहून किंचित्‌ अधिक पाणीच असतें. मॅग्नेशियम शेंकडा दहाच्या सुमारास भरतें. हें मॅग्नेशियम शरीरास अत्यावश्यक आहे, यांत संशय नाहीं. स्नायू व मज्जातंतू यांचें काम त्यावांचून चालत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, तें त्वचेंतून आंत जातें काय?

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असून त्यांच्यामध्यें स्निग्ध पदार्थांचा लेप असतो. विटा आणि चुना यांनीं बांधलेल्या भिंतीसारखी ही रचना आहे. बाहेरचें पाणी व क्षार आंत येऊं नयेत आणि आंतील ओलावा बाहेर जाऊं नये, हेंच तिचें काम. मॅग्नेशियमचे विद्युद्‌भारित कण तर पाण्यांत स्वतःभोवतीं पाण्याचें जाड वेष्टन घेऊन वावरतात. त्यांना ही भिंत ओलांडणें फार कठीण. या विषयावरील संशोधनाची जी समीक्षा २०१७ सालीं प्रसिद्ध झाली, तिनेंही त्वचेवाटे मॅग्नेशियम पुरविण्याच्या कल्पनेस शास्त्रीय आधार नाहीं, असाच निष्कर्ष काढला.

घरगुती हिशेबानेंही हेंच पटतें. पंधरा लिटर पाण्याच्या बादलींत शंभर ग्रॅम एप्समचें मीठ विरघळविलें, तर त्यांत सुमारें दहा ग्रॅम मॅग्नेशियम येतें; म्हणजे लिटरमागें एक ग्रॅमही नव्हे. समुद्राच्या पाण्यांत तें लिटरमागें सुमारें सव्वा ग्रॅम असतें, म्हणजे जवळजवळ दुप्पट. बरणीवरचा दावा खरा असता, तर कोंकण किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यांत उभें राहून जाळीं ओढणाऱ्या कोळ्याची पाठ कधींच दुखावयास नको होती!

मग माणसास आराम वाटतो तो भ्रम काय? मुळींच नाहीं. आराम खरा आहे. त्याचें श्रेय मात्र मिठापेक्षां पाण्याकडे अधिक जातें. उष्णतेनें त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्या भागाकडे रक्त अधिक वाहूं लागतें, ताठलेले स्नायू सैलावतात आणि वेदनेची तीव्रता बोथट होते. टबांत किंवा हौदांत उतरल्यास आर्किमिडीजचा नियमही मदतीस येतो: गळ्याइतक्या पाण्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारें दहावा हिस्साच भार पडतो. गुडघ्यांस तेवढा वेळ सुटी मिळते. वज्रेश्वरी, गणेशपुरी किंवा उन्हवरे येथील ऊन पाण्याच्या कुंडांत उतरणाऱ्यांस जें हलकें वाटतें, त्यांतही या दोन्ही गोष्टींचा मोठा वांटा असतो.

झोंपेचीही गोष्ट अशीच आहे. टेक्सासमधील संशोधकांनीं २०१९ सालीं अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हां निजण्यापूर्वीं एक-दोन तास ऊन पाण्यानें स्नान केल्यास झोंप लवकर लागते, असें आढळलें. ऊन पाण्यानें हातापायांकडे रक्त खेळतें, तेथून उष्णता बाहेर पडते आणि शरीराचा गाभा किंचित्‌ थंड होतो. हें थंड होणेंच निद्रेचें आमंत्रण होय.

मिठास अगदींच मोडीत काढण्याचेंही कारण नाहीं. मृत समुद्राच्या मॅग्नेशियमयुक्त क्षाराच्या पाण्यानें कोरडी, खाजरी त्वचा सुधारल्याचें २००५ सालच्या एका प्रयोगांत दिसलें होतें. शिवाय मीठ टाकलें म्हणून माणूस वीस मिनिटें एका जागीं शांत बसतो, हाही लाभ लहान नव्हे.

पाय शेकावयाचे तर पाणी ३८ ते ४० अंश सेंटिग्रेड, म्हणजे कोपर बुडविल्यास सुखद ऊन लागेल इतपतच असावें; कढत नसावें. बादलीस अर्धी वाटी मीठ पुष्कळ झालें. पंधरा-वीस मिनिटांनीं पाय साध्या पाण्यानें धुवून, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावे व थोडें खोबरेल लावावें.

खरी सावधगिरी पुढेंच आहे. मधुमेह पुष्कळ वर्षें असलेल्या माणसाच्या पावलांची संवेदना मंदावलेली असते. त्यास कढत पाणी कोमट भासतें; पाय पोळतो तरी कळत नाहीं, आणि त्या फोडाची जखम महिनोन्‌महिने भरत नाहीं. अशा जखमेपायीं पाऊल गमवावें लागल्याचीं उदाहरणें वैद्यांस अपरिचित नाहींत. म्हणून अशा व्यक्तीनें पाय बुडवून शेकण्याचा उपाय वैद्यास विचारल्यावांचून करूं नये. हृदयविकारी, गर्भवती व रक्तदाबाचीं औषधें घेणारे यांनींही आधीं सल्ला घ्यावा. ऊन पाण्यांतून एकदम उठतां भोवळ येण्याचा संभव असतो. मुरगळलेल्या ताज्या सुजेवर पहिले दोन दिवस शेक नको. मूत्रपिंडें अशक्त असणाऱ्यानें हें मीठ पोटांत तर कधींच घेऊं नये; रक्तांत मॅग्नेशियम साचून जिवावर बेतूं शकतें.

तसेंच, प्रत्येक दुखणें घंगाळांत बुडविण्याजोगें नसतें. एकाच पोटरीस सूज, लाली व ऊष्मा येणें, छातींतून डाव्या हातांत कळ उतरणें, पाठदुखीबरोबर पाय बधिर होणें वा लघवीवरील ताबा सुटणें, या खुणा दिसल्या तर बादली बाजूस सारून तत्काळ इस्पितळ गांठावें. कांहीं आठवडे टिकणारी साधी ठणकही वैद्यास दाखवावी.

थकल्या शरीरास ऊब आणि निवांतपणा हवा असतो, आणि तो कोणत्याही बरणीवांचून मिळूं शकतो. सुगंधी मीठ परवडत असेल आणि आवडत असेल, तर तें अवश्य वापरावें. मात्र त्याची किंमत सुवासासाठीं मोजली जाते, औषधासाठीं नव्हे, एवढें ध्यानांत असूं द्यावें.