प्रकाशाला ओळखणारे द्रवस्फटिक

बँकेत टेबलावरचा कॅल्क्युलेटर एका छोट्याशा सेलवर वर्षानुवर्षे चालतो, संगणकाचा पडदा मात्र सतत वीज मागतो. दोन्हींत काम करतात ते द्रवस्फटिकच. मग हा फरक का?

द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. ते उजेडाला वाट देतात किंवा अडवतात. कॅल्क्युलेटर खोलीतल्याच उजेडावर भागवतो. संगणकाच्या पडद्यामागे दिवे लावावे लागतात, आणि त्यांचा बहुतेक उजेड ध्रुवीकारक पट्ट्या व रंगीत गाळण्या गिळून टाकतात. डोळ्यांपर्यंत साधारणतः १० टक्केही पोहोचत नाही. विजेचा खरा अपव्यय होतो तो येथे.

१८८८ साली प्राग येथे फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास एक चमत्कारिक गोष्ट दिसली. कोलेस्टेरिल बेन्झोएट हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना तोच द्रव स्वच्छ झाला. या मधल्या अवस्थेत रेणू द्रवासारखे वाहतात, पण त्यांची शिस्त मोडत नाही. शेजारचे रेणू एकाच दिशेला रोख धरून असतात. काडीसारखेच रेणू असे वागतात हा समज १९७७ मध्ये आपल्या देशात बदलला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, सदाशिव व सुरेश यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक दाखवून दिले. विद्यार्थी मित्रांनी हे नाव अवश्य लक्षात ठेवावे.

आता प्रकाशाविषयी. अॅझोबेन्झीनचा रेणू एरवी सरळ असतो. अतिनील किरण पडताच तो कोपरात दुमडल्यासारखा वाकतो. निळा प्रकाश किंवा उष्णता मिळाली की पुन्हा सरळ होतो. रांगेत काही माणसे आडवी झाली की सगळी रांग विस्कटते, तसे हे रेणू मिसळलेल्या द्रवस्फटिकाचे होते. मळसूत्री रचनेच्या द्रवस्फटिकात पिळाचे अंतर बदलते आणि परावर्तित होणारा रंगही बदलतो. अशा पडद्याला मागचा दिवा लागत नाही, ध्रुवीकारक पट्ट्याही लागत नाहीत. म्हणून तो काचेसारखा पारदर्शक ठेवता येतो. मळसूत्री रचनेच्या काही पडद्यांवर एकदा उमटवलेले चित्र वीज न घेता टिकून राहते.

अडचणी आहेतच. अॅझोबेन्झीनला स्वतःचा पिवळट-नारिंगी रंग असतो, तो पारदर्शकतेच्या आड येतो. वाकलेला रेणू खोलीच्या उष्णतेनेही हळूहळू सरळ होतो, म्हणजे चित्र पुसट होत जाते. शिवाय चित्रपट दाखवण्याइतका वेग त्यात सहजी येत नाही. फलक, किमतीच्या चिठ्ठ्या, खिडकीच्या काचा अशा सावकाश बदलणाऱ्या कामांना मात्र तो साजेसा आहे.