फक्त नऊ धावा

रविवारी दुपारी चिंचोळी एमआयडीसीत एक चक्कर मारा. कंपन्यांची गेटं निम्मी बंद असतात आणि एखाद्या रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉलची मॅच रंगलेली असते. तिथला हा सीन तुम्ही पाहिला असेल, नाहीतर स्वतः केला असेल. एक जण ४६ वर खेळतोय, समोरच्या टीमने मनातून मॅच सोडलीये आणि त्यांचा कॅप्टन म्हणतो, ‘‘बास की आता, जिंकलाय तुम्ही. आम्हाला शिफ्टला जायचंय.’’ बॅट्समन म्हणतो, ‘‘आरं चार रन राहिलेत, पन्नास होऊ दे की!’’ मग अर्धा तास भांडण. शेवटी ज्याचा बॉल तो बॉल घेऊन घरी.

हाच सीन रणजी करंडकात घडलाय, असं सांगितलं तर? आणि तिथे राहिल्या होत्या नऊ धावा, विक्रम मोडायचा होता थेट डॉन ब्रॅडमनचा!

साल १९४८, डिसेंबर महिना. आपल्या याच हायवेने सरळ पुण्याला जा. महाराष्ट्राचा संघ काठियावाडशी खेळतोय. काठियावाड २३८ वर ऑल आउट. मग महाराष्ट्राचा भाऊसाहेब निंबाळकर नावाचा कोल्हापूरचा फलंदाज मैदानात उतरला. चारच दिवसांपूर्वी त्याला एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. कमल भांडारकरबरोबर त्याने ४५५ धावांची भागीदारी केली. भांडारकर २०५ वर गेला, निंबाळकर थांबलाच नाही. तीनशे झाले, चारशे झाले. ४९४ मिनिटं, म्हणजे सव्वाआठ तास, तो खेळत होता. ४९ चौकार, एक षटकार. तिसऱ्या दिवशी मधली सुट्टी झाली तेव्हा फलकावर महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३.

ब्रॅडमनने १९३० साली न्यू साउथ वेल्सकडून नाबाद ४५२ केल्या होत्या. फर्स्ट क्लास क्रिकेटमधला तो सर्वोच्च स्कोअर. बरोबरीला नऊ, मोडायला दहा. ज्या लयीत तो खेळत होता, दोन-तीन ओव्हरचं काम.

पण काठियावाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांनी सांगितलं, डाव घोषित करा, नाहीतर आम्ही घरी चाललो. सांगितलं जातं ते असं, की आपल्या संघाविरुद्ध असला विक्रम झाल्याची नोंद राहावी हे त्यांना मान्य नव्हतं. महाराष्ट्राने विनवणी करून पाहिली. उपयोग झाला नाही. काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, राजे ते, त्यांना कोण बोलणार! खरंय. पण काळही बघा. संस्थानं विलीन होत होती, राजेपद हातातून निसटत होतं. हुकूम चालावा अशा जागा कमी होत चालल्या होत्या आणि क्रिकेटचं मैदान ही त्यातली एक उरलेली होती. मला तरी यात खिलाडूवृत्तीपेक्षा मानापमानाचंच नाटक जास्त दिसतं. आणि गंमत अशी की नाव वाचवायला गेलेल्या काठियावाडचं नाव आज क्रिकेटमध्ये कुणी काढतं ते याच सामन्यामुळे.

निंबाळकरांचं पुढे काय झालं? त्याच वेळी वेस्ट इंडीजचा संघ भारतात होता. पाच कसोटींची मालिका, त्यातल्या तीन अजून बाकी होत्या. चारशे त्रेचाळीस मारलेल्या माणसाला बोलावणं येणार, असं तुम्हाला वाटेल. नाही आलं. नंतरही नाही. बडोदा, महाराष्ट्र, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा संघांकडून हा माणूस वर्षानुवर्षं खेळला, फर्स्ट क्लासमध्ये ४८ च्या आसपास सरासरी ठेवली आणि एकही कसोटी न खेळता निवृत्त झाला.

याउलट त्याच मालिकेतली एक गोष्ट आपल्या गावची आहे. निंबाळकरांच्या डावाच्या आदल्याच आठवड्यात, मुंबईच्या कसोटीत, एका २२ वर्षांच्या पोराने पदार्पण केलं. पॉली उम्रीगर, जन्म सोलापूरचा! कसोटीत द्विशतक ठोकणारा पहिला भारतीय पुढे तोच झाला. कॉलेजच्या क्विझमध्ये हा प्रश्न आला तर चुकू नका. एकाच डिसेंबरात एकासाठी दार उघडलं आणि दुसरा उंबऱ्यावरच राहिला.

पण महाराष्ट्राचा तो सीझन निंबाळकरांवर संपला नाही, आणि मला जास्त ओढ आहे ती पुढच्या भागाची.

आधी एक लक्षात घ्या. त्या काळात अमेरिकेतले व्यावसायिक बेसबॉल संघ एका सीझनमध्ये १५४ सामने खेळायचे. आज हरलो तर उद्या आहेच. आपल्याकडे रणजी तेव्हा बाद पद्धतीने व्हायची. एक सामना हरलात की वर्ष संपलं, बॅटी पोत्यात घाला आणि आपापल्या नोकरीवर जा. आयपीएलसारखे पैसे तर स्वप्नातही नव्हते. मार्च १९४९ मध्ये उपांत्य सामना, पुन्हा पुण्यातच, आणि समोर मुंबई. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली होती, तीही प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना या प्रोफेसरांनी मुंबईला २४६ धावा चोपल्या होत्या. त्यामुळे मुंबई म्हणजे जुना हिशेब.

मुंबईने पहिल्याच डावात ६५१ केल्या, माधव मंत्री २००. महाराष्ट्र ४०७. आघाडी २४४ ची होती, तरी मुंबई पुन्हा फलंदाजीला उतरली आणि ८ बाद ७१४ करूनच थांबली. दत्तू फडकर आणि उदय मर्चंट यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. महाराष्ट्रापुढे लक्ष्य किती? ९५९! हो, बरोबर वाचलंत.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा. पाच-सहा दिवस उन्हात फिल्डिंग करून झालीये, पाय उचलत नाहीयेत, वर ९५९. मी तर दोनशेत गुंडाळून घरी जाऊन झोपलो असतो. महाराष्ट्राने ६०४ केल्या. मधू रेगेने पहिल्या डावात १३३ केल्या होत्या, दुसऱ्या डावात पुन्हा शतक. देवधर सरांचा मुलगा शरद, त्याच्या १४६. चौथ्या डावात याहून जास्त धावा तोवर एकदाच झाल्या होत्या, १९३९ साली डर्बनला इंग्लंडच्या ५ बाद ६५४. ती कसोटी दहा दिवस चालली आणि इंग्लंडची बोट सुटायची वेळ झाली म्हणून अर्धवट सोडावी लागली.

पुण्यात बोटबीट काही नव्हती. सातव्या दिवशी निकाल लागला. ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. सामन्यात एकूण २३७६ धावा आणि नऊ शतकं. एका फर्स्ट क्लास सामन्यात इतक्या धावा त्याआधी कधी झाल्या नव्हत्या आणि त्यानंतरही झाल्या नाहीत. मुंबई फायनलला गेली, बडोद्याला हरवून करंडक घेऊन गेली. महाराष्ट्र त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन फायनल खेळला, तिन्ही हरला.

म्हणजे एकाच सीझनमध्ये एक संघ मैदान सोडून पळून गेला, आणि ज्याच्यासमोरून तो पळाला त्या संघाने तीन महिन्यांनी जिंकायची आशा जवळपास नसताना सहाशे धावा काढल्या. बोला, कुठल्या टीममध्ये खेळायला आवडेल?

ब्रॅडमनचा विक्रम पुढे १९५९ मध्ये हनीफ महंमदने ४९९ करून मोडला आणि पाचशेव्या धावेसाठी पळताना तो रनआउट झाला. मग १९९४ मध्ये लाराच्या ५०१. भारतात मात्र अजूनही ४४३ च पहिल्या नंबरवर. पृथ्वी शॉ २०२३ मध्ये ३७९ पर्यंत पोहोचला, तिथेच थांबला. निंबाळकर डिसेंबर २०१२ मध्ये गेले, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

मोबाईल हातात आहेच, तर त्या सामन्याचा स्कोअरकार्ड एकदा काढून बघा. पहिल्या डावात काठियावाड २३८, मग महाराष्ट्र ४ बाद ८२६. काठियावाडच्या दुसऱ्या डावाची जागा रिकामी आहे.