फाळक्यांचा नाशिकचा स्टुडिओ: काय उरलं?

मंडळी, स्टुडिओ म्हणजे नेमकं काय? जागा, माणसं, की तिथं तयार झालेले चित्रपट? आपल्याकडे हा प्रश्न दादासाहेब फाळक्यांपासून सुरू होतो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले फाळके १९१२ साली लंडनला गेले. जवळच वॉल्टन इथं सेसिल हेपवर्थचा स्टुडिओ होता. हेपवर्थनं मोकळ्या मनानं त्यांना सगळं काम दाखवलं. विल्यमसन कॅमेरा घेऊन फाळके परतले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला.

त्याच वर्षी ते बिऱ्हाडासह नाशिकला आले. हा कारखाना घरासारखाच चाले, बरं का! सगळी मंडळी एकत्र राहात, एकत्र जेवत. मुंबईत असल्यापासून सरस्वतीबाई साऱ्यांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोकं पाडायचं कामही करत. घरातल्याच मंदाकिनीनं पुढं 'कालियामर्दन'मध्ये (१९१९) कृष्ण केला.

पण घर चालवायचं तर पैसा हवा. १९१८ मध्ये मुंबईच्या भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. आता घराला हिशेबाची वही आली. कलावंत म्हणतो, चित्र मनासारखं उतरू दे. भागीदार विचारतो, खर्च किती? दोघांचंही चुकत नाही, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. फाळके कंपनी सोडून काशीला गेले. कंपनी त्यांच्यावाचून चालू राहिली. १९२२ मध्ये ते परत आले. पुढं बोलपट आला आणि कंपनी बंद पडली.

तिकडे हेपवर्थचं काय झालं? १९२४ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि चांदीसाठी त्याच्या निगेटिव्हज् वितळवल्या गेल्या. वास्तू मात्र दुसऱ्यांच्या हाती १९६१ पर्यंत स्टुडिओ म्हणूनच चालली. म्हणजे तिथं जागा टिकली, चित्रपट गेले. आपल्याकडे? स्टुडिओ गेला, बहुतेक चित्रपटही गेले, नाव राहिलं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकमध्येच वारले.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुलांना तिथं जरूर न्या. पण स्मारक माणसाचं असतं. चित्रपट स्मारकानं वाचत नाही, तो रिळं जपल्यानंच वाचतो. 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग आणि 'कालियामर्दन' कुणीतरी जपले, म्हणून आज आपल्याला पाहता येतात. जुन्या पेटीत एखादा डबा, एखादं छायाचित्र सापडलं, तर रद्दीत टाकण्याआधी कृपा करून जाणकाराला दाखवा. एवढंच.