गुंठ्यांचे आगर आणि हेक्टरचे माप

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आले, त्या दिवशी रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्याला 'बसरा स्टार' नावाचे जहाज लागले. त्यावरील खलाशांची सुटका झाली. जहाज मात्र तेथेच रुतून बसले आणि पुढे वर्षानुवर्षे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कुतूहलाचा विषय झाले. वादळाचे छायाचित्र म्हणून त्या जहाजाचे छायाचित्र सर्वत्र गेले. परंतु त्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्याचे जे खरे नुकसान झाले ते तेथून कितीतरी उत्तरेला, मंडणगड व दापोली तालुक्यांत, जांभ्या दगडाच्या गडग्यांआड झाले. ते सहजासहजी दिसण्याजोगे नव्हते, आणि जे दिसत नाही त्याची मोजदाद करणे आपल्या व्यवस्थेला नेहमीच जड जाते.

वादळाचा केंद्रभाग दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात जमिनीवर चढला. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. त्यामुळे वेळास, बाणकोट, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड ही गावे वादळाच्या थेट तडाख्यात सापडली. मृग नक्षत्र चार दिवसांवर आले होते. घरे नुकतीच शाकारून झालेली, सरपण आत घेतलेले, पावसाळ्याची बेगमी पडवीत रचलेली. अशा वेळी कौले आणि पत्रे उडाले आणि भरलेल्या घरात पाऊस शिरला.

त्यातच ते वर्ष टाळेबंदीचे. मुंबईहून परतलेले चाकरमानी गावोगावच्या शाळांत विलगीकरणात होते आणि त्या शाळांचीही छपरे गेली. वीज गेली ती कित्येक गावांत महिना उलटला तरी आली नाही. विजेबरोबर पंप बंद पडले, म्हणजे विहीर भरलेली असूनही घरात पाणी नाही. दूरध्वनी बंद पडले, म्हणजे मुंबईच्या मुलाला आईवडील सुखरूप आहेत हे कळावयास मार्ग नाही.

पहिल्या आठवड्याचे शौर्य

अशा प्रसंगी कोकणी माणूस हातावर हात धरून बसला नाही, हे प्रथम नमूद केले पाहिजे. सरकारी यंत्रणा पोचण्यापूर्वीच वाडीवाडीतील मंडळी कोयते-कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडली आणि पाखाड्यांवर, रस्त्यांवर आडवी पडलेली झाडे तोडून त्यांनी वाट मोकळी केली. ज्याचे छप्पर शाबूत राहिले त्याच्या घरी शेजारची दोनतीन कुटुंबे राहिली. डिझेलवर चालणारी जनित्रे भाड्याने आणून वर्गणीतून सार्वजनिक टाक्या भरल्या गेल्या. मुंबईच्या ग्राममंडळांनी पत्रे, ताडपत्र्या आणि धान्य पाठविले. महावितरणचे कर्मचारी राज्याच्या अन्य भागांतून येऊन भर पावसात खांब उभे करीत राहिले.

आणखी एक गोष्ट समाधानाची. पूर्वसूचना वेळेवर मिळाली, किनाऱ्यालगतच्या लोकांना हलविण्यात आले आणि होड्या खाड्यांत सुरक्षित नेऊन ठेवता आल्या. ११ नोव्हेंबर २००९ च्या 'फयान' वादळात समुद्रात असलेले कोकणातील कितीतरी मच्छीमार सापडले होते, त्याची आठवण किनाऱ्यावर अद्याप ताजी आहे. जीव वाचविण्याच्या कामात आपण पुष्कळच पुढे आलो आहो. या कामी देशाला वाट दाखविली ती ओडिशाने. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ मध्ये 'फायलिन' आले तेव्हा त्या राज्याने जवळजवळ दहा लाख लोक आधीच हलविले आणि मृतांची संख्या शंभराच्याही खूप खाली राहिली. मधल्या चौदा वर्षांत तेथे आश्रयगृहे बांधली गेली, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले आणि सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत पोचविण्याची शिस्त लागली.

माणसे वाचली, पुढे ती जगणार कशावर, हा प्रश्न मात्र मागे उरतो. ओडिशाही या प्रश्नातून सुटलेला नाही. मे २०१९ च्या 'फनी' वादळात पुरी भागातील नारळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर पडल्या. कोकणात हाच प्रश्न अधिक बिकट रूपाने उभा राहतो.

आगर म्हणजे साठविलेली वर्षे

दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरील आगर ही अनेक मजली शेती असते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढविलेली मिरवेल, मध्ये जायफळ, खाली केळी आणि अळू. एका झाडाची सावली दुसऱ्याला हवी असते. पोफळीचे रोप लावण्याजोगे व्हायलाच वर्ष-दीड वर्ष लागते, लावल्यावर पहिली सुपारी दिसायला सहासात वर्षे जातात. माडाचेही तसेच. हापूसचे कलम पाचव्या-सहाव्या वर्षी मोहरले तरी भरघोस उत्पन्नाला दहाबारा वर्षे लागतात. देशावरील शेतकऱ्याचे उभे पीक गेले तर त्याचे एक वर्ष जाते, आणि ते दुःखही लहान नव्हे. परंतु कोकणातील आगर आडवे झाले तर वडिलांनी लावलेले आणि मुलाने शिंपलेले एक तप आडवे होते.

या नुकसानीची आणखी एक बाजू पंचनाम्यात येत नाही. जी पोफळ उभी राहिली ती शेजारच्या झाडांची सावली गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात करपते. ज्या माडाचा गाभा वाऱ्याने पिळवटला तो वादळात पडत नाही, काही महिन्यांनी सुकतो. पहिल्या आठवड्यात मोजणी करणाऱ्या तलाठ्याला ते झाड उभे दिसते आणि तो ते उभे म्हणूनच लिहितो. त्यात त्याचा दोष नाही. मापच तसे आहे.

या मापाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वादळानंतर राज्य शासनाने रत्नागिरी जिल्ह्यासाठी तातडीने ७५ कोटी रुपये जाहीर केले आणि फळबागांच्या नुकसानीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार रुपये केली. मर्यादा दोन हेक्टरांची ठेवली. वाढ भरीव होती. पण किनाऱ्यावरील आगरे हेक्टरांत नसतात, गुंठ्यांत असतात. ज्याचे आगर पाच गुंठ्यांचे आहे त्याच्या वाट्याला हेक्टरी दराने सुमारे अडीच हजार रुपये येतात. पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नाही.

बागायतदारांनी हे गाऱ्हाणे लावून धरले, तेव्हा त्याच वर्षी शासनाने झाडामागे मदत देण्याचे तत्त्व मान्य केले. माडाला २५० रुपये आणि पोफळीला ५० रुपये असा दर ठरला. शास्त्रीय अंतराने लावल्यास पाच गुंठ्यांत सुमारे सत्तर पोफळी बसतात. त्यांसोबत पाच माड धरले तरी सारी रक्कम पावणेपाच हजारांच्या आसपास जाते. माप सुधारले, ही महत्त्वाची गोष्ट घडली. परंतु दर झाडाच्या आयुष्याशी जुळला नाही. शिवाय सातबारावर भावकीतील दहाबारा नावे, त्यांतील निम्मी मुंबई-पुण्याकडे. त्यांची संमतिपत्रे गोळा करता करता मदतीचे मोल आणखी उतरते.

विम्याची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. आंबा-काजूसाठी हवामानावर आधारित विमा आहे, पण तो हंगामातील पिकाचा आहे. झाड उन्मळून पडले तर त्याचा उपयोग नाही. नारळ विकास मंडळाची योजना मात्र प्रत्यक्ष माडाचा विमा उतरविते. तिची रक्कम झाडाच्या वयानुसार ९०० ते १७५० रुपये ठरविलेली होती. रक्कम बेताची असली तरी त्यामागील विचार योग्य आहे, कारण झाड ही मालमत्ता आहे हे ती मानते. पोफळ आणि हापूस यांच्या बाबतीत हाच विचार पुढे नेण्यास हरकत कोणती?

व्यापाराचे कर्तव्य

अशा संकटात व्यापारउदीम कसा वागतो, यावरही गावाचे भवितव्य ठरते. वादळानंतर पत्रे, कौले, खिळे यांची टंचाई झाली आणि भाव चढल्याच्या तक्रारी झाल्या. उलट पैसे मागाहून द्या म्हणून माल देणारे दुकानदारही होते. मुरुड, कर्दे, लाडघर येथील निवास-न्याहारी चालविणारी कुटुंबे तर मार्चपासूनच पाहुण्यांविना होती. त्यांची छपरे उडाली आणि ज्या माडापोफळींच्या सावलीसाठी पाहुणा येतो ती सावलीही गेली. त्यांचा धंदा आणि शेजाऱ्याचे आगर यांचे नशीब एकच आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झाले.

संकटातून नवी वाट काढण्याची शक्ती येथे नाही असे नव्हे. वादळाच्या दोनच महिने आधी, टाळेबंदीत वाशीच्या बाजाराचा भरवसा राहिला नाही तेव्हा कोकणातील बागायतदारांनी हापूसच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत पोचविल्या. एस. टी. महामंडळाने त्याच सुमारास मालवाहतूकही सुरू केली. दलालाशिवाय ग्राहक गाठता येतो, हे अनेकांना त्या हंगामात प्रथम उमगले. हा ग्राहक आंबा घेतो. तोच आंब्याच्या झाडाचाही भागीदार होऊ शकेल काय, याचा विचार व्हावयास हवा. सप्टेंबर २०१७ मध्ये 'मारिया' वादळाने पोर्टो रिको बेटावरील कॉफीची बहुतेक झाडे उद्ध्वस्त केली. तेव्हा सेवाभावी संस्थांबरोबरच कॉफीच्या बड्या व्यापारी कंपनीनेही बियाणे पुरविण्याचा भार उचलला. झाड राहिले तरच व्यापार राहणार, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. कोकणच्या आंब्यावर, सुपारीवर आणि किनाऱ्यावर ज्यांचे व्यवहार चालतात त्यांनाही हा हिशेब लागू आहे.

मुरुडचा जुना धडा

याहून जवळचे उदाहरण दापोली तालुक्यातच आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण ज्या मुरुड गावात गेले त्या गावासाठी त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'मुरुड फंड' काढला. नोकरीनिमित्त बाहेर राहणाऱ्या मुरुडकरांनी आपल्या उत्पन्नाचा ठराविक अंश गावाच्या सार्वजनिक कामांसाठी नियमाने द्यावा, अशी ती योजना होती. तिचे मर्म 'नियमाने' या शब्दात आहे. संकट आले की वर्गणी काढणारी मंडळे कोकणात गावोगाव आहेत आणि त्यांचे औदार्य वादातीत आहे. परंतु पत्रे एका महिन्यात बसतात, तर पोफळीला सात वर्षे पाणी घालावे लागते. ती सात वर्षे म्हाताऱ्या आईवडिलांनी कशावर काढावयाची? उत्तर मिळाले नाही की गडग्याच्या आतील मोकळी जमीन गुंठ्याच्या भावाने विकली जाते, आणि आगराच्या जागी बंगला उभा राहतो. वादळाने न मोडलेले गाव असे हळूहळू मोडते.

म्हणून प्रत्येक गावाच्या मंडळाने दहा वर्षांचा आगर-निधी उभारावा, आणि जो पुन्हा लागवड करील त्याला झाडे फळेपर्यंत दरवर्षी थोडी रक्कम मिळावी. शासनाने त्या निधीला जोड द्यावी, पतसंस्थांनी व जिल्हा बँकेने फळ लागल्यावर फेड सुरू होईल असे कर्ज द्यावे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे. रोपे, सावलीसाठी आधी केळी, तग धरणाऱ्या जाती यांचे मार्गदर्शन दूर जाऊन शोधावे लागणार नाही. १९९० च्या रोजगार हमीतील फळबाग योजनेने कोकणातील उजाड वरकस जमिनीवर आंबा-काजू उभे केले, हा अनुभव महाराष्ट्रापाशी आहे.

घाई करण्यास कारणही आहे. 'निसर्ग'ला एक वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले आणि झाडावर राहिलेला आंबा त्याने झोडपून पाडला. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. २०१९ या एका वर्षात त्यात पाच चक्रीवादळे झाली. समुद्राचे पाणी तापत आहे आणि पुढचे वादळ येणार किंवा नाही हा प्रश्न आता उरलेला नाही.

'निसर्ग'नंतर ज्यांनी त्याच पावसात खड्डे खणून पुन्हा रोपे लावली त्यांत साठीच्या पुढची माणसेही होती. त्या पोफळीच्या सुपाऱ्या आपल्या हाताने उतरविता येतील की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरीही त्यांनी लावल्या. ज्यांचा समाजावर आणि शासनावर एवढा विश्वास आहे त्यांना पाच गुंठ्यांचे अडीच हजार हातावर ठेवून निरोप देणे शोभणारे नाही.