शोकाची हजेरी

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर मागे टाकून दुर्ग ओलांडलं की रायपूरच्या आधी भिलाईची स्थानकं लागतात. त्यांतलं एक भिलाई पॉवर हाऊस. १ जुलै १९९२ रोजी या स्थानकाच्या रुळांवर भिलाईच्या खासगी कारखान्यांतले हजारो कामगार सकाळपासून बसून होते. मुख्य मागण्या होत्या: कामावरून काढलेल्यांना परत घ्या, ठेक्यावर राबणाऱ्यांना कायम करा, घर चालेल एवढी मजुरी द्या. संध्याकाळी पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक कामगार मारले गेले. एका पोलीस अधिकाऱ्याचाही जीव गेला. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि भोपाळला सुंदरलाल पटवांचं सरकार होतं.

तेव्हापासून दर १ जुलैला कामगार इथे जमतात. हातात लाल-हिरवे झेंडे असतात. लाल रंग कामगाराचा, हिरवा शेतकऱ्याचा. एकमेकांना ‘लाल जोहार’ घातला जातो. मेलेल्यांना आदरांजली वाहिली जाते, भाषणं होतात आणि त्याच जुन्या मागण्या पुन्हा मांडल्या जातात.

मेलेले लोक कोण होते हे नीट समजून घेतलं पाहिजे, नाहीतर या जमण्याचा अर्थ लागत नाही. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला. त्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ चा. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. सेक्टर, शाळा, दवाखाना, मैदानं असं आखीव गाव वसलं. विदर्भातली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे नोकरीला गेली आणि तिथलीच झाली. पण या सरकारी कारखान्याच्या भोवती खासगी कारखान्यांचा आणि ठेकेदारीचा दुसरा भिलाई उभा राहिला. तिथल्या मजुराकडे ना नेमणुकीचं पत्र असायचं, ना कायमपणाचा पुरावा. वर्षानुवर्षं एकाच भट्टीपुढे राबूनही कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव नसायचं. नाव लागावं हीच तर लढाई होती. ज्यांची नावं मालकाच्या वहीत कधी लागली नाहीत, ती शहिदांच्या यादीत लागली आणि दर वर्षी त्यांचं स्मरण होऊ लागलं. १ जुलैचा शोक म्हणजे कामगारांनी स्वतः घेतलेली हजेरी आहे, असं मला वाटतं. ती चारचौघांत, मोठ्याने आणि रुळाशेजारीच घ्यावी लागते. घरात कोंडलेल्या दुःखाची नोंद कुठलीही कचेरी करत नाही.

या लढाईचे नेते शंकर गुहा नियोगी. जलपाईगुडीचा हा बंगाली तरुण १९६० च्या दशकात भिलाईला आला, कोक ओव्हनमध्ये कामाला लागला आणि संघटना बांधतो म्हणून बाहेर काढला गेला. पुढे दल्ली-राजहराच्या लोहखाणींत त्यांनी ठेका मजुरांची संघटना उभी केली. १९९० पासून ते भिलाईच्या खासगी कारखान्यांकडे वळले. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईच्या हुडको वसाहतीत झोपेत असताना खिडकीतून गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. आपल्या जिवाला धोका आहे हे त्यांनी आधीच आवाजाच्या फितीवर नोंदवून ठेवलं होतं. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये गोळी झाडणाऱ्याला फाशी आणि काही उद्योजकांसह इतरांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सगळ्यांना सोडलं. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्याला दोषी धरून जन्मठेप दिली. बाकीच्यांची सुटका कायम राहिली.

नियोगींचं पार्थिव लाल-हिरव्या झेंड्यात गुंडाळून भिलाईहून दल्ली-राजहराला नेण्यात आलं. त्या अंत्ययात्रेला खाणींतून, कारखान्यांतून आणि आसपासच्या खेड्यांतून अथांग गर्दी लोटली होती. त्या गर्दीत किती राग कोंडलेला असेल याची कल्पना करता येते. दहा महिन्यांच्या आत हेच लोक पॉवर हाऊसच्या रुळांवर बसले.

आता भिलाईहून दूर, पोलादाच्याच दुसऱ्या एका शहरात जाऊ. इंग्लंडमधलं शेफिल्ड. तिथल्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता: लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. मैदानाबाहेर गर्दी तुंबली तेव्हा पोलिसांनी बाहेर पडण्याचं एक मोठं दार उघडलं, पण आत आलेल्या लोंढ्याला कडेच्या मोकळ्या भागांकडे वळवलं नाही. सगळे समोरच्या बोगद्यातून मधल्या दोन कठड्याबंद भागांत शिरले. ते भाग आधीच भरलेले होते आणि पुढे लोखंडी जाळी होती. माणसं उभ्या जागी गुदमरून मेली. मृतांचा आकडा पुढे ९७ वर गेला. शेवटचा मृत्यू २०२१ मधला, १९८९ मध्ये झालेल्या इजांमुळेच आलेला.

त्या दुपारीच मैदानावरच्या बंदोबस्ताच्या पोलीस प्रमुखाने खोटं सांगितलं की चाहत्यांनी दार फोडलं. चार दिवसांनी ‘द सन’ने पहिल्या पानावर छापलं की चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले आणि पोलिसांवर लघवी केली. लिव्हरपूलमधले असंख्य लोक आजही ते वर्तमानपत्र विकत घेत नाहीत.

लिव्हरपूल शहराने याला उत्तर दिलं ते शोकातून. ॲनफिल्ड हे लिव्हरपूल क्लबचं मैदान उघडं ठेवलं गेलं. लोक रांगा लावून आले, आणि फुलांनी व मफलरींनी हिरवळ जवळजवळ अर्धी झाकून गेली. आठवड्याने, २२ एप्रिलला, ॲनफिल्डपासून शहरातल्या दुसऱ्या क्लबच्या, एव्हर्टनच्या, तेव्हाच्या गुडिसन पार्क मैदानापर्यंत स्टॅन्ली पार्कमधून मफलरीला मफलर बांधून साखळी केली गेली. लाल मफलर लिव्हरपूलची, निळी एव्हर्टनची. एरवी हे दोन्ही क्लब एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. कोलकात्यात मोहनबागान आणि ईस्ट बंगालच्या लोकांनी एका दोरीला हात लावावा, तशी ही गोष्ट होती.

पण या शोकाला नावं ठेवणारेही होते. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाच्या अग्रलेखाने लिव्हरपूलवर आरोप केला की हे शहर दुःखात लोळण्यात सुख मानतं आणि हिल्सबरोतली आपल्या मद्यपी चाहत्यांची चूक मान्य करत नाही. तेव्हाचे संपादक बोरिस जॉन्सन. त्यांना पुढे लिव्हरपूलला जाऊन माफी मागावी लागली. त्या अग्रलेखात मृतांची संख्या ‘पन्नासहून अधिक’ अशी दिली होती. तोपर्यंत ९६ माणसं मेली होती आणि तो आकडा सगळ्या देशाला पाठ होता. शोक जरा जास्तच होतोय असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी मेलेले नीट मोजलेसुद्धा नव्हते. सार्वजनिक शोकावर ‘प्रदर्शन’ म्हणून शिक्का मारणाऱ्या कुठल्याही माणसाला मी आधी हाच प्रश्न विचारेन: किती मेले ते सांगता येईल का?

मोजणं हे काम शेवटी त्या शोक करणाऱ्यांनीच केलं. २००९ मध्ये, विसाव्या स्मृतिदिनी, ॲनफिल्डवर मंत्री अँडी बर्नहॅम बोलायला उभे राहिले आणि हजारो लोकांनी न्यायाच्या मागणीचा गजर करून त्यांचं भाषण थांबवलं. त्यानंतर स्वतंत्र समिती नेमली गेली. १२ सप्टेंबर २०१२ च्या तिच्या अहवालात निघालं की पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाला होता आणि त्यांतल्या ११६ जबान्यांतून पोलिसांवर दोष येईल असा मजकूर काढला होता. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्यूरीने निकाल दिला: हे बेकायदा घडवलेले मृत्यू होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता. १९९१ च्या तपासात ‘अपघाती मृत्यू’ ठरवलं गेलं होतं. मधली पंचवीस वर्षं दर १५ एप्रिलला लोक मफलर घेऊन मैदानावर येत राहिले. ते येत राहिले म्हणून ती फाईल मिटली नाही.

सगळाच सार्वजनिक शोक असा नसतो. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर मोहनबागानविरुद्ध दुसरा गोल मारताना गोलरक्षकाशी धडकला आणि गेला. सामन्यातले दोन्ही गोल त्याचेच होते. गोव्यातली फुटबॉलवेडी घरं त्या रात्री सुन्न झाली. डेम्पोने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा पुन्हा कुणाला दिला नाही. तिथे कुणी मृतावरच ठपका ठेवला नव्हता, म्हणून शोकाला साक्षीदार व्हावं लागलं नाही. भिलाई आणि लिव्हरपूलमध्ये मात्र जे मेले त्यांनाच गुन्हेगार ठरवलं गेलं, आणि मग रडण्यालाही जबानीचं वजन आलं.

कोलकात्याने तिसरी वाट काढली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर मोहनबागान-ईस्ट बंगाल सामन्यात गॅलरीत मारामारी पेटली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षक मेले. तेव्हापासून १६ ऑगस्ट हा तिथे फुटबॉलप्रेमींचा दिवस मानतात आणि रक्तदान करतात. दोन्ही क्लबांचे लोक एकाच रांगेत हात पुढे करतात.

हे वाचताना भिलाईच्या माणसाला दल्ली-राजहराची आठवण होणारच. भिलाईच्या भट्ट्यांना लागणारं लोहखनिज जिथून येतं, त्या खाणींतल्या ठेका मजुरांनी १९७७ मध्ये पावसाआधी झोपड्या शाकारण्यासाठी बांबू-बल्लीचे पैसे मागितले. आणीबाणी नुकतीच उठली होती. २ जूनच्या रात्री नियोगींना पकडून नेलं. मजुरांनी काही पोलिसांना अडवून धरलं आणि २ व ३ जून या दोन दिवसांत गोळीबार होऊन ११ जण मेले. त्यांत एक स्त्री होती, एक लहान मुलगाही. पुढे युनियनची एक कार्यकर्ती बाळंतपणात नीट उपचार न मिळाल्याने गेली. मजुरांनी ठरवलं की आपलं रुग्णालय आपण बांधायचं. बाहेरून देणगी न घेता, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून ते उभं राहिलं आणि गोळीबाराच्या सहाव्या स्मृतिदिनी, ३ जून १९८३ रोजी सुरू झालं. नाव शहीद हॉस्पिटल. डॉ. बिनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर तिथे राबले. नियोगींच्या ‘संघर्ष आणि निर्माण’ या घोषणेचा अर्थ मला इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतो: मेलेल्यांची तारीख न बदलता तिच्यावर जिवंतांसाठी खाटा मांडायच्या.

छत्तीसगडच्या कामगारांचं वर्षच अशा तारखांनी बांधलेलं आहे. ३ जून, १ जुलै, २८ सप्टेंबर आणि १९ डिसेंबर. शेवटची तारीख वीर नारायणसिंहांची. सोनाखानच्या या आदिवासी जमीनदाराने दुष्काळात साठेबाजाचं धान्य लोकांना वाटलं, म्हणून इंग्रजांशी गाठ पडली आणि १८५७ मध्ये रायपूरला त्यांना फाशी दिलं. त्यांचा स्मृतिदिन लोकांचा सण करण्याचं कामही या खाणमजुरांच्या संघटनेनेच केलं.

महाराष्ट्राला हे परकं नाही. हुतात्मा चौक आपल्या डोळ्यांसमोर आहे. पण मला इथे जास्त जवळचं वाटतं ते नागपूर. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधान भवनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली, त्यांत बायका आणि मुलं फार. आपल्याला अनुसूचित जमातींच्या सवलती मिळाव्यात, एवढंच मागायला ते आले होते. मंत्री मधुकरराव पिचडांनी राजीनामा दिला. आकड्याने हे हिल्सबरोपेक्षा मोठं, आणि मरण तसंच, जागा न मिळून आलेलं. तरी हिल्सबरोवर जगभर जेवढं लिहिलं गेलं त्याच्या शतांशानेही गोवारींवर लिहिलं गेलेलं नाही. दर २३ नोव्हेंबरला विदर्भातल्या खेड्यांतून गोवारी झिरो माइलजवळच्या स्मारकाशी येतात, फुलं वाहतात, मागणी पुन्हा सांगतात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. स्मारकावरची गर्दी त्यानंतरही येतच राहिली.

भिलाई, लिव्हरपूल, नागपूर: तिन्ही ठिकाणी शोक टिकला कारण त्याच्यामागे आधीपासून बांधलेली माणसं होती. युनियन होती, मृतांच्या नातलगांची संघटना होती, जमात होती. तारीख कुणी लक्षात ठेवायची, मंडप कुणी घालायचा, कुणाच्या घरी जाऊन निरोप द्यायचा, हे ठरलेलं होतं. मफलर किंवा लाल-हिरवा झेंडा हे त्या बांधणीचं दिसणारं रूप आहे, म्हणून त्याला ‘दिखावा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणूनच ४ जून २०२५ ची बंगळुरूची संध्याकाळ मला अस्वस्थ करते. रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकलं, चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांवर लाखोंची गर्दी उसळली आणि ११ जण चेंगरून मेले. बाहेर माणसं मरत होती तेव्हा आत सत्काराचा कार्यक्रम झाला. नंतर संघाने मृतांच्या कुटुंबांना पैसे जाहीर केले, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, दोष कुणाचा यावर सरकार आणि संघ न्यायालयात भिडले. मेलेले बहुतेक तरुण होते आणि एकमेकांना ओळखतही नव्हते. अंगात एकाच रंगाची जर्सी होती, एवढंच त्यांच्यातलं नातं. त्यांची ना युनियन, ना मोहल्ला, ना जमात. पॉवर हाऊसच्या रुळांवर मेलेल्यांची नावं त्यांच्या सोबत्यांनी तीन दशकं जपली. बंगळुरूच्या त्या अकरा जणांसाठी दर ४ जूनला स्टेडियमच्या दारापाशी कोण उभं राहणार, आणि तिथल्या पोलिसांनी हटकलं तर आपण यांचे कोण लागतो म्हणून सांगणार?