हजेरीपट आणि सरकारी तिजोरी

मागच्या बाकावरून एकच मुलगा तीन आवाजांत ‘हजर’ म्हणतो, हे फळ्याकडे तोंड असतानाही मला कळते. पण मुलगा घरी, शाळा संगणकात आणि मास्तर कुठे ते देव जाणे, अशा शाळेत हजेरी घ्यायची कोणी? हा प्रश्न अमेरिकेतल्या ओहायो राज्याला फार महागात पडला.

तिथे २००० साली ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ नावाची ऑनलाइन शाळा निघाली. चालवणारे खाजगी, पैसा सरकारचा. जितकी मुले पटावर, तितके डॉलर! पट फुगत गेला आणि शाळेची मोठमोठी कंत्राटे संस्थापकाच्याच कंपन्यांना मिळत गेली. २०१५-१६ साली शाळेने पंधरा हजारांवर मुले दाखवली. मुले अभ्यासाला किती वेळ बसली याच्या नोंदी सरकारने मागितल्या, तेव्हा सुमारे ६,३०० मुलांपुरताच पुरावा निघाला. सहा कोटी डॉलर परत करा, असा हुकूम झाला.

शाळा कोर्टात गेली. तिथला युक्तिवाद मराठीच्या मास्तराला तर मोठा मौजेचा वाटतो. वर्षाला ९२० तासांचे शिक्षण आम्ही ‘उपलब्ध करून’ द्यायचे. मुलांनी ते घेतले की नाही, हे कायदा विचारत नाही! म्हणजे ‘शिकवणे’ हे ‘शिकणे’चेच प्रयोजक रूप, हे व्याकरण साफ नामंजूर. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला; तोही एकमताने नव्हे.

तोवर शाळा बुडाली होती. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, सुमारे बारा हजार मुले बिनशाळेची झाली. पैशाचे एक वेळ सोडा. पण आजारपणामुळे किंवा नोकरीमुळे ज्यांना दुसरी शाळा जमत नव्हती, अशी नेमाने अभ्यास करणारी मुलेही त्यांत होती.

फ्लोरिडाने निराळी वाट धरली. १९९७ साली निघालेल्या तिथल्या सरकारी व्हर्च्युअल स्कूलला पैसे मिळतात ते मुलाने विषय यशस्वीपणे पुरा केल्यावर. यातही खोच आहेच. पास करणाराच पैसे घेणारा! निदान परीक्षा तरी बाहेरच्याने घ्यावी, असे माझे मत.

आपल्याकडे ‘दीक्षा’ आणि ‘स्वयम्’ २०१७ साली आले. तिथे मुलामागे डॉलर मोजले जात नाहीत, एवढे बरे. तरी आपल्या चिरंजीवांचे किंवा कन्येचे नाव अशा एखाद्या वर्गात घालाल, तेव्हा दोन गोष्टी अवश्य विचारा : उत्तरे कोण तपासते, आणि मूल आठवडाभर दिसले नाही तर घरी फोन कोण करते?